वाचक विचारतात : पुराव्याविना विश्वास

प्रश्न : माझे एक ख्रिस्ती सहकारी अत्यंत काटेकोर अभियंते आहेत. आकडा जुळल्याशिवाय ते कागदावर सही करत नाहीत. येशूच्या पुनरुत्थानाविषयी मी विचारले, तेव्हा मात्र ‘ते सिद्ध करता येत नाही, त्यावर विश्वास ठेवायचा असतो’ असे त्यांनी शांतपणे सांगितले. एरवी पुरावा मागणारा माणूस एका बाबतीत तो मागायचेच सोडून देतो, याला अंधश्रद्धा का म्हणू नये? (पुणे)

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांनी निदान खोटा दावा केला नाही, हे आधी मान्य करू. पुनरुत्थान भूमितीतल्या प्रमेयाप्रमाणे सिद्ध करता येते, असे ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य प्रवाहाने कधी म्हटलेले नाही. मात्र एखादी गोष्ट सिद्ध करता येत नाही, एवढ्यावरून ती मानायला काहीच कारण नाही असे ठरत नाही. या दोन विधानांमध्ये बरीच मोकळी जागा आहे आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राचा मोठा भाग त्या जागेतच उभा आहे.

तेराव्या शतकातील थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी या जागेची जी मोजणी केली, ती आजही उपयोगी पडते. ईश्वर आहे, एवढे बुद्धीच्या बळावर सिद्ध करता येते असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी त्यांनी पाच युक्तिवाद मांडले. पण ईश्वर एक असूनही पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रिविध आहे, तो येशूच्या रूपाने माणूस झाला, या गोष्टी कोणत्याही युक्तिवादाने सिद्ध होणार नाहीत, असे त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. त्याही पुढे जाऊन, जगाला काळात आरंभ आहे हेदेखील केवळ विश्वासाने मानायचे आहे, ते तर्काने दाखवता येत नाही, असे सांगताना त्यांनी स्वपक्षीयांना एक इशारा दिला आहे : श्रद्धेचा विषय सिद्ध करून दाखवण्याच्या उत्साहात लंगडे युक्तिवाद पुढे करू नका, कारण आपण अशाच कारणांवरून विश्वास ठेवतो असे समजून अश्रद्ध लोक हसतील. सातशे वर्षांपूर्वीच्या एका धर्मपंडिताने दिलेला हा सल्ला आजच्या अनेक उत्साही प्रवचनकारांनी मनावर घेतला असता, तर आपल्यासारख्या वाचकांना असे प्रश्न विचारण्याचे प्रसंग कमी आले असते. तर्काला अ‍ॅक्वायनस यांनी एक काम मात्र नेमून दिले. श्रद्धेच्या विषयावर कोणी आक्षेप घेतला, तर तो आक्षेप निर्णायक नाही हे दाखवणे तर्काला शक्य असले पाहिजे. म्हणजे तर्काने श्रद्धा उभी राहत नसली, तरी श्रद्धेत आत्मविसंगती नाही हे पाहण्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहिली.

कॅथलिक चर्चने तर ‘केवळ विश्वास, बुद्धीचे काही काम नाही’ या भूमिकेला अधिकृतपणे नकार दिलेला आहे. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील लुई बोतँ या धर्मगुरूंनी, बुद्धीला ईश्वराविषयी स्वतःहून काही कळू शकत नाही अशा आशयाची मांडणी केली, तेव्हा 1840 मध्ये त्यांच्याकडून बुद्धीची क्षमता मान्य करणाऱ्या विधानांवर सही घेण्यात आली. पुढे 1870 मध्ये पहिल्या व्हॅटिकन धर्मसभेने, ईश्वराचे अस्तित्व बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात निश्चितपणे जाणता येते, असे ठरावरूपाने जाहीर केले. धर्मसंस्था बुद्धीची बाजू घेते आणि तिच्याच एका धर्मगुरूला बुद्धीवर अविश्वास दाखवल्याबद्दल माघार घ्यावी लागते, हे चित्र आपल्या सर्वसाधारण समजुतीच्या नेमके उलट आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत सूर वेगळा लागतो. मार्टिन ल्यूथर यांनी बुद्धीला अत्यंत कठोर शब्दांत फटकारले आहे आणि एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कच्या सोरेन कीर्केगार्ड यांनी वस्तुनिष्ठ अनिश्चितता हीच विश्वासाची अट मानली. जिथे खात्री करून घेता येते तिथे विश्वासाची गरजच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा ‘ख्रिस्ती श्रद्धा पुराव्याविषयी काय म्हणते’ या प्रश्नाला एकच ख्रिस्ती उत्तर नाही, हे आपल्या सहकाऱ्यांनाही कदाचित ठाऊक नसेल.

आता पुनरुत्थानाकडे येऊ. आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण मानले आहे, म्हणजे विश्वासार्ह माणसाने सांगितलेले ज्ञान. ख्रिस्ती श्रद्धेचा पाया मुख्यतः या तिसऱ्या जातीचा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की, आपण न पाहिलेली शहरे, आपल्या जन्मापूर्वीच्या घटना आणि आपले आईवडील कोण हेसुद्धा आपण इतरांच्या सांगण्यावरूनच मानतो, आणि तसे मानले नाही तर जगणेच अशक्य होईल. संत पौल यांनी करिंथ येथील मंडळीला पहिल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, जे पत्र लिहिले त्याच्या पंधराव्या अध्यायात त्यांनी हाच मार्ग धरला आहे. येशू केफाला, म्हणजे पेत्र या शिष्याला दिसला, मग बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना दिसला, अशी साक्षीदारांची यादी देऊन, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असेही पौल नोंदवतात. आणि त्याच अध्यायात, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे ते सांगून टाकतात. आपली संपूर्ण श्रद्धा एका ऐतिहासिक घटनेच्या खरेपणावर अशी उघडपणे पणाला लावणे, हे अंधश्रद्धेचे नेहमीचे लक्षण नव्हे.

याचा अर्थ आपण तो दाखला पुरेसा मानलाच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी 1748 मध्ये घेतलेला आक्षेप वजनदार आहे : चमत्काराची साक्ष खोटी असणे हे त्या चमत्काराहूनही अधिक अद्भुत ठरेल, तरच ती साक्ष चमत्कार प्रस्थापित करायला पुरेल. पाचशे साक्षीदारांपैकी कोणाचीही स्वतंत्र जबानी आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. आपल्या हाती आहे ते पौलांचे सांगणे. शिष्यांना येशू पुन्हा भेटल्याचा दृढ अनुभव आला, इथपर्यंत पुष्कळ इतिहासकार येतात, परंतु त्या अनुभवाचे कारण काय, या प्रश्नाशी इतिहासाची साधने संपतात. तिथून पुढचे पाऊल ख्रिस्ती माणूस टाकतो आणि आपण टाकत नाही. ते पाऊल पुराव्याच्या पलीकडे जाते हे खरे, तथापि ते पुराव्याकडे पाठ फिरवून टाकलेले असतेच असे नाही. माझ्यापुरते मी अंधश्रद्धा तिला म्हणतो, जी प्रश्न विचारू देत नाही आणि विरोधी माहिती समोर आली की ती दडपते. आपले सहकारी यांपैकी काही करतात का, हे आपणच अधिक जाणता.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. माझा मुलगा लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गांना नियमित जात असे; आता महाविद्यालयात विज्ञान शिकतो आहे आणि रविवारच्या मिस्सेला येणे त्याने बंद केले आहे. ‘अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हे नुसते चूक नाही, ते अनैतिक आहे’, असे तो म्हणतो. मी फार शिकलेलो नाही. त्याला काय उत्तर द्यावे? (वसई)

उत्तर : आपल्या मुलाने जे वाक्य ऐकवले त्याला मोठी परंपरा आहे, त्यामुळे तो उद्धटपणा करतो आहे असे कृपया समजू नका. इंग्लिश गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी 1877 मध्ये हीच भूमिका मांडली. त्यांचे उदाहरण असे : एका जहाजमालकाला आपले जहाज जुने झाले असल्याची शंका येते, परंतु तपासणीचा खर्च टाळण्यासाठी तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, परमेश्वर प्रवाशांची काळजी घेईल. जहाज बुडते आणि मालक विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो. क्लिफर्ड म्हणतात, जहाज बुडाले नसते तरीही हा माणूस दोषीच ठरला असता, कारण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता.

मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते आणि श्रद्धावंतांनी ते टाळू नये असेही वाटते. तरी त्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जहाजमालकाला पुरावा मिळवता येत होता; सुतार बोलावून तळाच्या फळ्या तपासणे त्याच्या हातात होते आणि त्याने ते जाणूनबुजून केले नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1896 मध्ये क्लिफर्ड यांना जे उत्तर दिले त्याचा गाभा इथेच आहे. काही प्रश्न असे असतात की त्यांचा निकाल पुराव्याने लागण्यासारखा नसतो, निवड टाळता येत नाही, आणि निर्णय न घेणे हाही एक निर्णयच होऊन बसतो. अशा ठिकाणी आणि केवळ अशाच ठिकाणी, मनाच्या ओढीला मत देण्याचा हक्क आहे, असे जेम्स म्हणतात. त्यांच्या नावाने ‘वाटेल ते माना’ असा परवाना वाटणारे लोक ही अट सोयीस्करपणे विसरतात. आपल्या मुलाने दोघांचेही लेखन वाचावे. त्याला जेम्सही पटले नाहीत तर तो त्याचा अधिकार आहे.

आपण फार शिकलेलो नाही, असे आपण लिहिले आहे. अ‍ॅक्वायनस यांच्या मते तत्त्वज्ञाचे युक्तिवाद समजायला सवड किंवा शिक्षण नसलेल्या माणसाने ईश्वर आहे हे विश्वासाने मानले, तर त्यात काहीही उणे नाही. मात्र आपल्या मुलाला सवडही आहे आणि शिक्षणही आहे, म्हणून त्याला प्रश्न विचारू द्यावेत. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेला एक बाप येशूला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ दोन्ही गोष्टी एकाच श्वासात बोलणाऱ्या या माणसाला येशूने परत पाठवलेले नाही. मिस्सेला येण्याची सक्ती करण्यापेक्षा, आपण स्वतः का जाता हे त्याला एकदा मोकळेपणाने सांगावे. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर होणार नाही, हे माहीत असूनही सांगावे.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील काही अत्यंत बुद्धिमान माणसे ख्रिस्ती झाली. त्यांना नक्की कोणता पुरावा पटला होता? (अहिल्यानगर)

उत्तर : प्रत्येकाची वाट निराळी होती, आणि 1854 मध्ये बाप्तिस्मा घेणारे बाबा पदमनजी किंवा 1895 मध्ये घेणारे नारायण वामन टिळक यांच्याविषयी वाचकांना बरेच माहीतही असते. मी ज्यांच्याविषयी लिहू इच्छितो ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे मात्र मराठी वाचकांच्या विस्मरणात गेले आहेत आणि आपल्या प्रश्नाला त्यांच्याइतके चपखल उदाहरण दुसरे नाही.

गोऱ्हे हे काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण, न्याय आणि व्याकरण यांत मुरलेले. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृत पंडिताने 1839 मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत पद्यग्रंथ प्रसिद्ध करून, खरा धर्म कोणता हे बुद्धीने तपासता येते आणि त्या तपासणीत ख्रिस्ती धर्म उतरतो, असा दावा केला. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांतले तिसरे उत्तर, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या गोऱ्हे यांचे होते. त्यांचा मुद्दा असा की तर्क हा शास्त्राच्या मागून चालणारा आहे. आधी श्रुतीवर श्रद्धा हवी, मग तर्काला काम मिळते. जो तर्क शास्त्राला जाब विचारतो तो भरकटतो. म्हणजे पुराव्याचा आग्रह इथे मिशनरी पक्षाचा होता आणि श्रद्धेला अग्रक्रम देणारा पक्ष काशीच्या पंडितांचा होता. आजच्या वादांत ज्यांनी ज्या जागा पकडलेल्या दिसतात, त्यांची इथे अदलाबदल झालेली आहे.

हेच गोऱ्हे मिशनऱ्यांशी वाद घालता घालता ख्रिस्ती झाले. मार्च 1848 मध्ये, काशीत गदारोळ होऊ नये म्हणून, जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांची तर्काने चिरफाड केली. ज्या तर्काला त्यांनी तरुणपणी शास्त्राच्या मागे उभे केले होते, त्यालाच आता पुढे काढले. आणि तरीही या तर्कनिपुण माणसाला आपल्या नव्या श्रद्धेविषयी शंकांनी आयुष्यभर छळले. अनंतकाळच्या शिक्षेसारखे सिद्धान्त त्यांच्या मनाला सलत राहिले. वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याचे सामर्थ्य आणि स्वतःच्या मनाला मिळणारी निश्चिंती यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, हे त्यांच्या चरित्रातून जितके स्वच्छ दिसते तितके तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून दिसत नाही. 1895 मध्ये ते वारले, ख्रिस्ती धर्मगुरू म्हणूनच.

पंडिता रमाबाई यांच्या बाप्तिस्म्यामागे याच गोऱ्हे यांचे पत्र हे एक कारण होते. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच काळात तिथल्या मठवासिनींशी त्यांचे खटके उडू लागले. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून ईश्वर एकच असल्याचा सिद्धान्त, येशूच्या देवत्वाचे नेमके स्वरूप, चर्चचा अधिकार, या प्रत्येक बाबतीत ‘चर्च सांगते म्हणून माना’ हे उत्तर त्यांनी नाकारले. आपण मोठ्या कष्टाने भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलो आहोत, आता तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी त्या मठवासिनींपैकी सिस्टर जेराल्डिन यांना 1885 मध्ये स्पष्ट कळवले. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना जो अनुभव आला त्याविषयी त्या लिहितात की, तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. पहिल्या टप्प्यावर तुलना, वाचन, पटणे-न पटणे हे सारे होते. दुसऱ्या टप्प्यावर त्या ज्याविषयी बोलतात ते कोणत्याही युक्तिवादाचा निष्कर्ष नाही आणि त्यांनी तसा आव आणलेलाही नाही. तरीदेखील तो अनुभव आला म्हणून त्यांनी प्रश्न विचारायचे थांबवले नाहीत. अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे स्वतंत्र मराठी भाषांतर करत बसलेली बाई कोणाच्या सांगण्यावर विसंबून राहणारी नव्हती.

प्रश्न : पास्काल यांची ‘पैज’ हा ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा मानता येईल का? मला तर ती हिशेबी व्यापाऱ्याची युक्ती वाटते. (नागपूर)

उत्तर : तो पुरावा नव्हेच, आणि पास्काल यांनीही तो पुरावा म्हणून मांडलेला नाही. ईश्वर आहे की नाही हे बुद्धी ठरवू शकत नाही, अशी सुरुवात करूनच ते पुढे जातात : आहे असे धरून चाललात आणि तो असला तर लाभ अमर्याद, नसला तर तोटा थोडका. हा हिशेब मांडणारा माणूस संभाव्यतेच्या गणिताचा एक जनक होता, त्यामुळे त्याला जुगाराची भाषा सुचली यात नवल नाही. समोरचा श्रोताही जुगारात रमलेला, सुखवस्तू, उदासीन फ्रेंच गृहस्थ होता. आपला आक्षेप जुना आहे आणि बरोबर आहे. त्याहून मोठी अडचण अशी की कोणत्या ईश्वरावर पैज लावायची, हे ती पैज सांगत नाही. याच हिशेबाने माणूस कुठल्याही धर्मात जाऊ शकेल.

पास्काल स्वतः मात्र या पैजेमुळे श्रद्धावान झालेले नव्हते. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री सुमारे साडेदहापासून साडेबारापर्यंत त्यांना जो अनुभव आला, तो त्यांनी कागदावर तुटक शब्दांत लिहून ठेवला आणि अंगरख्याच्या अस्तरात शिवून घेतला. 1662 मध्ये ते वारल्यानंतर नोकराला तो सापडला. त्यात ‘अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे’ असे शब्द आहेत. हयात असेपर्यंत हा कागद त्यांनी वादात पुरावा म्हणून एकदाही पुढे केला नाही, ही त्यांच्यातल्या गणितज्ञाची शिस्त मला त्या पैजेपेक्षा जास्त आवडते.

प्रश्न : ‘हास्यास्पद आहे म्हणूनच मी विश्वास ठेवतो’ हे वाक्य नेमके कोणाचे? (ठाणे)

उत्तर : ते तर्तुलियन यांच्या नावावर खपवले जाते, पण या रूपात ते त्यांच्या लेखनात कुठेही नाही. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या या लेखकाने तिसऱ्या शतकाच्या आरंभी येशूच्या देहाविषयी एक पुस्तक लिहिले. येशूला खरा मानवी देह नव्हता, कारण हाडामांसाचा देह, जन्म आणि मरण हे ईश्वराला शोभत नाही, असे म्हणणाऱ्या मार्कियोनसारख्यांना ते उत्तर देत होते. देवाचा पुत्र मेला ही गोष्ट विसंगत वाटते म्हणूनच विश्वसनीय आहे, असे त्यांचे तिथले वाक्य आहे. प्रतिस्पर्ध्याने ‘हे अशोभनीय’ म्हणून जे टाकून दिले, नेमके तेच त्यांनी ईर्ष्येने उचलून धरले. ज्या लेखकाचे उरलेले लेखन वकिली थाटाच्या युक्तिवादांनी खच्चून भरलेले आहे, त्याला तर्काचा शत्रू ठरवण्याचे काम मुख्यतः नंतरच्या काळातील टीकाकारांनी केले, आणि पुढे काही श्रद्धावंतांनीही ते सुटे वाक्य अभिमानाने मिरवले.